पत्रकातला दोष, रक्तातला फरक

निदान झालं त्या दिवशी डॉक्टरांनी मला सांगितलं की निदान झालेलं नाही.

मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाची ओपीडी होती. शेजारी आई, समोर एंडोक्रायनॉलॉजिस्ट मॅडम, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टर. त्यांच्या हातात माझ्या जनुक तपासणीचा रिपोर्ट. त्या म्हणाल्या, "तुझ्या एका जीनमध्ये फरक सापडलाय. त्या फरकामुळेच तुझं हे सगळं होतंय का, ते मात्र सांगता येत नाही. व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स."

म्हणजे काय, मी विचारलं.

"म्हणजे फरक आहे. अर्थ माहीत नाही."

मी पत्रकं लिहिते. सांडपाण्यावर, बंद पडलेल्या नळांवर, भरपाई न मिळालेल्या जमिनींवर. पत्रकात एक अन्याय असतो, तो करणारा एक असतो आणि शेवटी एक मागणी असते. 'अर्थ माहीत नाही' असं पत्रक मी आजवर लिहिलेलं नाही. मला राग आला, पण तो कोणावर काढायचा ते कळेना. खरं सांगायचं तर आजारपणाचा हा सगळा काळ माझा असाच गेला. राग तयार, पत्ता नाही.

हे मी त्यांच्यासाठी लिहितेय ज्यांचे थायरॉइडचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि ज्यांना प्रत्येक दारात वेगळं उत्तर मिळतंय. माझ्याकडे तुमच्यासाठी उत्तर नाही. पण मी कुठे कुठे आपटले ते सांगू शकते, निदान तुम्ही तिथे आपटू नका.

आम्ही रोह्याजवळ वरसेला राहतो. वडील मूळचे आतल्या बाजूच्या गावातले, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातले, नंतर कंपनीत लागले. आई हिराबाई पेण तालुक्यातल्या खाडीकाठची, मिठागरवाल्या घरातली आगरी. आमच्या संघटनेची खोली पेणला आहे, एका गणपती कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. म्हणजे माझा निम्मा जन्म रोहा-पेण एसटीत.

सुरुवात छातीतल्या धडधडीने झाली. जिना चढले की धडधड, न चढता बसले तरी धडधड. हात थरथरायचे, पत्रकाच्या घड्या वाकड्या पडायच्या. मला वाटलं जागरण, चहा, उपाशी फिरणं. मग एक दिवस खालच्या कारखान्यात रंगकाम करणारी एक बाई माझ्याकडे बघत म्हणाली, "तुझा गळा आमच्या मूर्तीसारखा व्हायला लागला गो, वळ्या पडलेला." सगळे हसले, मीही हसले. घरी जाऊन आरशात बघितलं. गळ्याच्या खालच्या भागात खरंच फुगवटा होता. घोट घेतला की तो वर-खाली व्हायचा.

पेणच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. टी-थ्री, टी-फोर दोन्ही वाढलेले. हे थायरॉइड ग्रंथीतून निघणारे हार्मोन्स. डॉक्टर म्हणाले, "हायपरथायरॉइड. तुमची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करतेय." मग त्यांनी विचारलं आईचं माहेर कुठलं. मी सांगितल्यावर म्हणाले, "खाडीकडची माणसं. आगरातलं खडेमीठ खात असाल, त्यात आयोडीन नसतं." मी म्हटलं आमच्याकडे पाकिटातलंच मीठ येतं. ते म्हणाले तरी पण. त्या 'तरी पण'वर मी एक अख्खं पत्रक लिहू शकले असते.

तर डॉक्टरांच्या मते मीठ. आईच्या मते गरमी, तिच्या माहेरी सगळ्यांनाच असते म्हणे. आणि माझ्या मते कंपनी. आम्ही तेव्हा एका कंपनीच्या सांडपाण्याविरुद्ध सह्या गोळा करत होतो. संघटनेतले दीपकदादा म्हणाले, "तुझ्या गळ्याचा फोटोच छापू या, याच्यापेक्षा मोठा पुरावा काय?" मला पटलं होतं. फोटो काढूनही झाला होता. रिपोर्ट पूर्ण आल्यावर छापू, एवढंच मी म्हटलं, तेही सावधपणा म्हणून नव्हे, तर आकडा घालता येईल म्हणून. आज वाटतं, वाचलो.

गोळ्या सुरू झाल्या. कार्बिमाझोल, ग्रंथीचं काम कमी करणारी. तपासलं तर टी-फोर थोडा उतरला, पण गळा आणखी वाढला. डोस वाढवला, गळा पुन्हा वाढला. डॉक्टर वैतागले, मी वैतागले. शेवटी ते म्हणाले रेडिओआयोडीन करून टाकू. म्हणजे किरणोत्सारी आयोडीन प्यायचं, ते ग्रंथीत जाऊन ग्रंथी जाळून टाकतं. नंतर जन्मभर रोज एक गोळी. त्यासाठी मुंबईला चिठ्ठी दिली.

मी तयार होते. खरंच होते. नको असलेली गोष्ट मुळापासून उपटावी, हे माझ्या स्वभावात बसणारं होतं.

मुंबईला ठरल्या दिवशी गेले, उपाशीपोटी. तिथे औषध देण्याआधी एक शिकाऊ डॉक्टर सगळे कागद पुन्हा बघत होती. माझ्याएवढीच असेल. ती थांबली, मागची पानं उलटली, पुढची उलटली आणि स्वतःशीच म्हणाली, "यांचा टीएसएच खाली का नाहीये?"

टीएसएच म्हणजे काय ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कोणी नीट सांगितलं. मेंदूच्या बुडाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. ती थायरॉइडला हुकूम सोडते, हार्मोन काढ. तो हुकूम म्हणजे टीएसएच. रक्तात हार्मोन भरपूर झाला की हुकूम बंद व्हायला हवा. माझ्यात माल भरून वाहत होता आणि ऑफिसातून अजून 'काढा, काढा' असे फोन चालूच होते. हे पहिल्या रिपोर्टपासून तसंच होतं. कोणी बघितलं नव्हतं. मीही नाही, जी लोकांना सांगत फिरते की कागद शेवटपर्यंत वाचा.

तिने वरिष्ठांना फोन केला आणि औषध रद्द झालं. मी तिच्याशी भांडले. इतक्या लांबून आलोय, घरची कामं टाकून आई आलीय, तुमचा काही ताळमेळ आहे का, असं सगळं बोलले. ती शांतपणे म्हणाली, "ग्रंथी एकदा जाळली की परत लावता येत नाही. थांबलात तर काही बिघडत नाही." त्या मुलीचं नावसुद्धा मी विचारलं नाही. ती हे वाचत असेल तर तिने समजून घ्यावं.

तिथून मी मॅडमच्या ओपीडीत पोचले. कार्बिमाझोल त्यांनी पहिल्याच दिवशी बंद केलं. मग सुरू झालं थांबणं. बाकावर थांबा, नंबर येईपर्यंत थांबा, रिपोर्ट येईपर्यंत थांबा. मॅडमनी सांगितलं, असं होण्याची मुख्यतः दोन कारणं. एक, पिट्युटरीत गाठ आहे आणि ती वेड्यासारखे हुकूम सोडतेय. तसं असेल तर नाकातून आत जाऊन मेंदूच्या बुडाशी ऑपरेशन. दुसरं, रिसेप्टरमध्ये फरक आहे. तसं असेल तर काहीही कापायचं नाही, काहीही जाळायचं नाही.

रिसेप्टर म्हणजे पेशीतली अशी जागा जिथे हार्मोन जाऊन बसतो. मॅडम म्हणाल्या हार्मोन ही किल्ली आणि रिसेप्टर हे कुलूप, तुझं कुलूप जरा घट्ट असेल. मी मान हलवली. कळलं काही नाही. कुलूप घट्ट आहे तर छाती का धडधडते? किल्ली चालत नसेल तर मी सुस्त व्हायला हवं ना? मी ते विचारलं नाही. मोर्च्यात माइक हातात असला की मला कुणाची भीती वाटत नाही, पण पांढऱ्या कोटासमोर मान हलवते. तुम्ही हलवू नका.

एमआरआय झाला. पिट्युटरीत एक बारीक ठिपका दिसला.

मला वाटलं चला, गाठ सापडली. मॅडम म्हणाल्या, "असे ठिपके अगदी धडधाकट माणसांतही सापडतात. हा ठिपका दोषी असेल किंवा नुसता बघ्या असेल." तेव्हा त्यांनी जीनची तपासणी पाठवली. थायरॉइडच्या रिसेप्टरचा जीन. आणि तिचा निकाल आला तो सुरुवातीला सांगितला तसा. फरक आहे, अर्थ माहीत नाही.

अर्थ का माहीत नाही, हे मी या वेळी विचारलं.

मॅडमनी जे सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. प्रत्येक माणसाच्या जीन्समध्ये हजारो ठिकाणी किरकोळ फरक असतात. हार्मोन्सच्या रिसेप्टर्समध्येही असतात. एखाद्या भागातल्या, एखाद्या समाजातल्या निम्म्या लोकांत एखादा फरक असेल आणि ते सगळे ठणठणीत असतील, तर तो आजार नव्हेच, तो नुसता त्यांचा स्वभाव. तो फरक कुणाकुणात आहे हे कळायला मोठ्या याद्या लागतात. जगातल्या अशा याद्यांत सर्वांत जास्त भरणा युरोपी वंशाच्या माणसांचा. भारतीय कमी. आणि भारतीयांत आमच्यासारखे तर शोधूनही सापडायचे नाहीत.

रिपोर्टवर माझ्यापुढे लिहिलं होतं, साऊथ एशियन.

हा राग मात्र कुठे काढायचा ते मला बरोबर ठाऊक होतं. साऊथ एशियन म्हणजे कोण? लाहोरचा पंजाबी, जाफन्याचा तमिळ आणि माझा खाडीकाठचा मामा, हे तिघे एका रकान्यात? जनगणनेला आम्ही हवे, मतदानाला हवे, जमीन संपादनाला तर घर शोधत येतात. जीनच्या यादीत मात्र आमचा पत्ता नाही. मी हे सगळं तिथे बोलले. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "राग बरोबर आहे. पण तुझा फरक यादीत नाही, याचा अर्थ तो दुर्मीळ आणि घातक आहे असाही होतो, किंवा तुमच्याकडे कोणी विचारायलाच आलं नाही असाही होतो. रागाने ते ठरत नाही. तुझ्या रक्ताच्या नात्यातल्यांना तपासून थोडं ठरेल."

आईचं रक्त तपासलं. तिच्यात तोच फरक निघाला. मला वाटलं संपलं. पण आईचा थायरॉइड ती तरुण असतानाच ऑपरेशन करून काढला होता. गळा फुगला होता म्हणून. तिच्या हार्मोन्सचे आकडे आता तिच्या स्वतःच्या ग्रंथीचे नव्हतेच, गोळीचे होते. त्यावरून काही सांगता येईना. माझ्या धाकट्या भावात तो फरक नव्हता आणि त्याचे हार्मोन्स सरळ होते. ते ठीक, पण पुरेसं नाही.

मग उरला मामा. ज्याच्या गळ्याला कोणी हात लावलेला नाही. त्याच्यात हा फरक असेल आणि त्याचेही आकडे माझ्यासारखेच उलटे असतील, तर कारण रिसेप्टर, ठिपका नुसता बघ्या. फरक असूनही मामाचे आकडे सरळ असतील तर नाकातून ऑपरेशनचं बघायचं. माझ्या कवटीत शिरायचं की नाही, हे मामाच्या रक्ताच्या एका नळीवर आलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "घरात बसून, नीट समजावून सांग."

मी काय केलं? पत्रक काढलं.

दुसरं काही मला येत नाही. मामाकडे जाऊन बसून बोलायचं, तर मी एसटीतच मोबाइलवर मजकूर लिहिला. 'आगरी बंधू-भगिनींनो, जागे व्हा. आपल्या रक्तातला दोष ओळखा. आज तपासणी करा, उद्या उशीर होईल.' खाली तीन उद्गारचिन्हं आणि माझं नाव. व्हेरियंटला मराठी शब्द हवा होता, तो मला 'दोष' सुचला. विचारसुद्धा केला नाही. आमच्या पत्रकांत दोष आणि दोषी हे शब्द इतके येतात की बोट आपोआप तिकडे जातं. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते गावच्या ग्रुपवर गेलं. माझी पत्रकं वाचत नाहीत म्हणून मी नेहमी लोकांवर चिडते. हे मात्र सगळ्यांनी वाचलं.

मामाची मुलगी प्राची, तिचं लग्न वडखळच्या अलीकडच्या एका गावात ठरत होतं. तिकडून फोन आला. मुलीच्या घरात काही रक्ताचा दोष आहे असं ऐकलं, खरं का?

मामाने माझा फोन उचलणं बंद केलं. रक्त देणार नाही, असा निरोप आईकडून आला. आई एवढंच म्हणाली, "तूच जा नि तूच निस्तर."

गेले. मामाचं घर गावाच्या टोकाला, पुढे खारजमिनीतली भातशेती आणि बांध. मामीने ओट्यावरूनच मला बघितलं. मामीला ऐकू कमी येतं, त्यामुळे ती नेहमी मोठ्याने बोलते, आणि त्या दिवशी तर शेजारच्यांना ऐकू जाईल असं.

"आली का गो पत्रकवाली? आता आनकी काय दोस काढतंस आमचा?"

मामा झोपाळ्यावर बसला होता. मी भाषण सुरू केलं. विज्ञान, जनजागृती, आपल्या समाजाची उपेक्षा. त्याने हात वर केला.

"तोंडानी बोलतंस ता येगला नि कागदावं लिवतंस ता येगला," तो म्हणाला. "मना येकच सांग. माजे रगतान दोस हाय का नाय?"

दोष आहे का? मलाच कुठे माहीत होतं. आतून प्राची येऊन दाराला टेकून उभी राहिली. कॉलेज झालेली, पेणला एका दवाखान्यात रिसेप्शनला बसणारी मुलगी.

मामाने बाजूला बघून मामीला चहा ठेवायला सांगितलं. तिला ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. नाही. तिसऱ्यांदा तो असा ओरडला की ओट्याखाली झोपलेला कुत्रा दचकून उठला आणि भुंकत बांधाकडे पळाला. मामी शांतपणे म्हणाली, "चाय ठेवू काय?"

आणि मला रिसेप्टर कळला.

खरंच सांगते, इतके महिने कुलूप-किल्ली ऐकून जे कळलं नव्हतं ते त्या क्षणी कळलं. मी मामाला म्हटलं, हेच. अगदी हेच. हार्मोन हाक मारतो, आपल्या घरातल्यांच्या पेशींना ऐकू कमी येतं. म्हणून शरीर जास्त हार्मोन काढतं, म्हणजे मोठ्याने ओरडतं. मग त्या पेशींना ऐकू जातं आणि काम भागतं. पण हृदयाचे कान वेगळे, ते चांगले आहेत. त्याला तो ओरडा सहन होत नाही. ते त्या कुत्र्यासारखं दचकतं. म्हणून धडधड. आणि ओरडून ओरडून गळा सुजतो.

(हे मी नंतर मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, शास्त्राला धरून आहे, हृदयात मुख्यतः दुसऱ्या प्रकारचा रिसेप्टर असतो आणि त्याचं ऐकणं ठीक असतं. म्हणून इथे लिहायची हिंमत करतेय.)

मामाने पाय टेकवून झोपाळा थांबवला.

"म्हंजे बहिरेपन," तो म्हणाला.

थोडंसं, मी म्हटलं.

"मंग त्याला दोस कनाला बोललास? बहिरा मानूस काय दोसी असतो काय? हिला जरा बोलून बघ दोसी, लाटना येल डोक्यान."

"काय बोलतंस रं माजे नावानी?" मामी आतून ओरडली. हे मात्र तिला बरोबर ऐकू गेलं होतं.

प्राची हसली. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि माझा फोन मागितला. म्हणाली, जिथे जिथे टाकलंस तिथे तिथे दुसरं टाक, आणि मी सांगते तसं. तिने सांगितलं, मी लिहिलं. उद्गारचिन्ह एकही नाही. 'आमच्या घरात थायरॉइडचा एक वेगळेपणा आहे. तो दोष नाही, फरक आहे. त्याने जिवाला धोका नाही. पण तो माहीत नसला तर चुकीचे उपचार होतात. कोणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा.' खाली माझं नाव, नंबर. शेवटी तिने स्वतःहून एक वाक्य घातलं, 'आधीच्या पत्रकातला शब्द चुकीचा होता.'

पत्रकवाल्या माणसाला याच्याइतकं जड वाक्य दुसरं नाही. लिहिलं.

तू तपासणार का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आता नाय. लग्न झाल्यावर माझं मी बघेन. गळा माझा हाय." तिचा तो अधिकार आहे. मॅडमही तेच म्हणाल्या, कोणालाही ढकलायचं नाही. लग्न मोडलं नाही. ते माझ्या दुसऱ्या पत्रकामुळे नाही, तर प्राचीने त्या मुलाला स्वतः फोन करून काय आहे ते सांगितलं म्हणून. त्याने विचारलं म्हणे, ओरडून बोलावं लागेल का? ती म्हणाली, ते माझ्यावर नाही, तुझ्यावर आहे.

मामा पेणला आला, रक्त दिलं. सुई टोचताना मला म्हणाला ही धडधड मना पोरपनापासून हाय, बांधावरून पळालो तर वाटायचा छाती फुटल. त्याने ते कधी कोणाला सांगितलं नव्हतं. त्याला वाटायचं सगळ्यांनाच असते. गळ्याचा फुगवटा त्याच्या दाढीखाली होता. आम्ही कोणी नीट बघितला नव्हता.

रिपोर्ट घेऊन आई आणि मी पुन्हा मुंबईला गेलो. मॅडमनी कागद वाचले, पुन्हा वाचले.

"मामांमध्ये तोच फरक आहे. टी-फोर वाढलेला, टीएसएच खाली नाही. अगदी तुझ्यासारखं." त्या म्हणाल्या, "लॅबने आता याला लाइकली पॅथोजेनिक म्हटलंय. म्हणजे बहुधा हाच कारणीभूत. रेझिस्टन्स टू थायरॉइड हार्मोन, म्हणजे शरीर या हार्मोनला पुरती दाद देत नाही. पिट्युटरीला हात लावायचा नाही. गळ्यालाही नाही. धडधडीसाठी एक हलकी गोळी, आणि ठिपका मोठा होत नाही ना हे बघायला पुढच्या वर्षी पुन्हा एमआरआय."

मी विचारलं, बहुधा का? नक्की का नाही?

"कारण पुरावा एकाच घरचा आहे. तुमच्या भागातल्या अजून लोकांची रक्तं यादीत आली की नक्की म्हणता येईल. किंवा नाही म्हणता येईल."

तर माझं निदान हे असं आहे. बहुधा. त्यात कोणी दोषी नाही. कंपनी नाही, मीठ नाही. दीपकदादांना मी फोटो पुसायला सांगितला. ते म्हणाले, "मग आता पाण्याचं काय?" मी म्हटलं, पाणी वाईट आहे तर पाण्याचे नमुने दाखवू, माझा गळा नको. ते अजून जरा नाराज आहेत.

मी उठणार इतक्यात मॅडमनी आईकडे वळून विचारलं, "तुमचा टीएसएच किती असतो?"

आईने पिशवी उघडली. जुने रिपोर्ट, सगळे, घड्या पडलेले. कागद पुढे करता करताच ती म्हणाली, "मी गोल्या खाते हो. रोज खाते. उपाशीपोटी."

कोणी काही म्हटलंही नव्हतं. पण आईची ती सवय झालेली. ऑपरेशन झाल्यापासून जिथे जिथे तपासायला गेली तिथे तिचा टीएसएच जास्त निघाला, म्हणजे गोळी पोटात जात नसावी, आणि जिथे तिथे तिला बोलणी बसली. गोळ्या खात नाही, विसरते, खोटं सांगते. वडील बोलले. भाऊ बोलला. मी तर जास्तच बोलले, आरोग्य शिबिरात दुसऱ्यांच्या आयांना गोळ्यांचं महत्त्व सांगून घरी यायचे आणि हिला झापायचे. ती दिवसभर थकलेली, थंडी नसताना शाल घेऊन बसलेली, आणि आम्ही म्हणायचो, खा ना मग गोळ्या.

मॅडम सगळे रिपोर्ट एका ओळीत मांडून बघत होत्या.

"माहीत आहे मला," त्या आईला म्हणाल्या. "खाताच तुम्ही. तुमच्या शरीराला त्या गोळीचं कमी ऐकू येतं. दुसऱ्यांना पुरतो तो डोस तुम्हाला पुरणारच नव्हता."

आईने विचारलं, "नि माजा गला कापला तो?"

मॅडमनी चष्मा काढला. "तेव्हा ही तपासणी इकडे कोणाला ठाऊक नव्हती. आज माझ्याकडे आला असतात तर मी कापू दिला नसता."

आईने मान हलवली. रडली नाही. गळ्यावरच्या जुन्या रेघेवरून एकदा बोट फिरवलं आणि मग तेच बोट माझ्या फुगलेल्या गळ्याला लावलं. "ऱ्हावू दे हिचा," ती म्हणाली, जणू मॅडम अजून विचार बदलतील अशी तिला भीती होती.

आता मॅडम तिचा डोस थोडा थोडा वाढवतायत, छातीकडे लक्ष ठेवून. परवा मी घरी आले तेव्हा तिने शाल घेतली नव्हती. मला माझ्या आजाराबद्दल कृतज्ञता वगैरे वाटत नाही, धडधड आहे, वैताग आहे, गळा झाकायला ओढणी लागते. पण तो झाला नसता तर माझी आई मरेपर्यंत खोटारडी राहिली असती, आणि तसं म्हणणाऱ्यांत मी पहिली असते. तुमच्या घरात असं कोणी असेल, जी म्हणते मी औषध घेते आणि आकडे म्हणतात नाही घेत, तर एकदा आकड्यांना उलट विचारा.

येताना एसटीत आई खिडकीशी बसली होती. नागोठण्याच्या आसपास तिने मला कोपराने ढोसलं.

"ह्याचा पत्रक लिव."

कशाचं, मी म्हटलं, रिसेप्टरचं?

"ता तुजा तू बघ. वर ठलक लिव, हिराबाय गोल्या खात होती. नि ह्या गुरुपवं टाक, त्या गुरुपवं टाक, सगलीकरं टाक."